भाड्याचा बॉलर

आमच्याकडं दोन जातीचे क्रिकेटवाले असतात. एक गावचा आणि एक भाड्याचा. गावचा हरला तरी संध्याकाळी त्याच पारावर येऊन बसतो. लोक चार शिव्या घालतात आणि चहापण पाजतात. भाड्याचा हरला की त्याला परतीच्या गाडीवर जागा मिळंलच असं नसतं. मी आठेक वर्षं भाड्याचा बॉलर होतो.

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रक आणि ट्रॅक्टरांत संसार भरून माणसं सांगली, सातारा, कोल्हापूरकडं, कर्नाटकाकडं जातात. गावं निम्मी रिकामी होतात. रानं मोकळी होतात आणि त्या मोकळ्या रानात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. कुठं नेत्याच्या वाढदिवसाची, कुठं जत्रेची, कुठं सव्वीस जानेवारीची, कुठं शिवजयंतीची. मॅच आठ षटकांची आणि एका बॉलरला दोन षटकं. म्हणजे मी बारा चेंडू टाकायला पन्नास-साठ किलोमीटर जायचो. बहुतेक ठिकाणी बाहेरचे दोन खेळाडू चालायचे. माझा दर मॅचला तीनशे, फायनलला पाचशे. पेट्रोल आणि जेवण त्यांचं.

टेनिसच्या खेळात सगळं बॅट्समनच्या बाजूचं असतं. बाउंड्री जवळ. मुरमाची कडक पट्टी, त्यावर हलका बॉल छातीपर्यंत उसळतो आणि बॅटवर अलगद येतो. सिक्स बसला की माईकवरून ओरडा व्हायचा, ‘दादांकडून या षटकाराला शंभर रुपये!’ की डीजे वाजला. निर्धाव चेंडूला कुणी पाच रुपयेबी लावत नाही. बॉलरचं चांगलं काम म्हणजे माईक गप्प राहणं. म्हणूनच बॉलर भाड्यानं आणावा लागतो. सिक्स मारायची हौस असलेली दहा पोरं कुठल्याबी गावात सापडतात, पण शेवटच्या षटकात बॉल हातात घ्यायला कुणी पुढं येत नाही.

माझ्याकडं दोन हत्यारं होती. पायात पडणारा यॉर्कर आणि दोन बोटं फाकवून टाकलेला हळू बॉल. नव्या बॉलवर लव असते, तवर तो पट्टीवर थोडा अडतो. लव गेली की सुटतो. एवढं कळायला मला दोन वर्षं लागली. झहीर खान आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला, श्रीरामपूरचा. २०११ च्या विश्वचषकात त्यानं २१ बळी घेतले, तेव्हापासून तिकडचे-इकडचे सगळे बॉलर मोबाईलवर त्याचे चेंडू पाहून बोटं वाकडी करायला शिकले. फरक एवढाच की त्याचा बॉल लेदरचा. आमचा हलका, आणि हलका बॉल खांदा जास्त खातो. हाताला कसला भार लागत नाही, झटका सगळा खांद्यात उतरतो.

मला सांगायचंय ते जानेवारी २०१३ च्या एका आठवड्याबद्दल.

२०१२ चा पावसाळा कोरडा गेला होता. आष्टी-पाटोद्याकडं जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात जानेवारीतच टँकरची वाट बघणं सुरू झालं होतं. आई-दादा कराडच्या बाजूला फडावर होते. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्या कोयत्यानं पन्नास हजार उचल घेतली होती. घरी मी, आजी आणि दहावीची बहीण.

वीस तारखेला, रविवारी रात्री आईचा फोन आला. दादांची पाठ धरली होती. उठता येईना. आई एकटी तोडत होती, म्हणजे अर्धा कोयता. मुकादम रोज खाडा लावायला लागला होता. ‘पोराला बोलवून घ्या, नायतर उचल फिटायची नाय,’ असं तो म्हणत होता. आईनं फोन दादांकडं दिला.

‘काय करायलास?’

मी सांगितलं की उद्यापासून आठवडा लागलाय, तीन गावचे शब्द दिलेत. एका कॅप्टनचे पाचशे आधीच घेतलेत.

दादा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘उचल घेतलीस का?’

‘व्हय.’

‘मग जा. उचल घेतली म्हंजे जावं लागतं. खेळून ये, मग इकडं ये.’

दादांना क्रिकेटातलं काही कळत नव्हतं. पण हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

सोमवारी वडवणीच्या पुढं पहिली मॅच. एका गाडीवर तिघं, मधे मी, मांडीवर किटची पिशवी. मॅच सकाळी नऊची होती, ती दीडला लागली. भाड्याच्या बॉलरचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. उन्हात बसायचं, भजे-पाव खायचे, जास्त पाणी प्यायचं नाही, अंग थंड पडू द्यायचं नाही. कुणाला वाटतं, दोन षटकं टाकायची अन् तीनशे घ्यायचे, सोपंय. चार तास बसून पहिला चेंडू पूर्ण जोरात टाकून बघावा. मॅच जिंकलो. तीनशे मिळाले. चहा पिऊन तेलगाव फाट्यावर उतरलो, कारण मंगळवारी माजलगावच्या बाजूला दुसऱ्या गावाचा टी-शर्ट घालायचा होता.

रात्री त्या गावच्या समाजमंदिरात झोपलो. जेवण एका घरून आलं, पिठलं, भाकरी, ठेचा. आणून देणाऱ्या मावशींनी विचारलं, ‘कोणाचा रं तू?’ मी गाव सांगितलं. ‘आई-बाप?’ म्हटलं, कारखान्याला. त्या काही बोलल्या नाहीत, पण परत जाऊन एक वाटी दही घेऊन आल्या. त्या पट्ट्यात कारखान्याला गेलेल्यांच्या पोरांना कुणी जास्त विचारत नाही. घरोघरी तेच असतं. त्यांनीच तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून दिलं. त्यानं खांदा शेकत झोपलो.

मंगळवारी दोन मॅच. सकाळची जिंकली, दुपारची हरली. हरलेल्या मॅचमधे माझ्या दोन षटकांत अकरा धावा गेल्या, पण हरलं की हिशेब कुणी बघत नाही. सहाशे दिले खरे, पण गाडी कुणी दिली नाही. बुधवारी सकाळी काळीपिवळीत टपावर बसून परत तेलगाव आणि तिथून घाट चढून धारूरला. गुरुवार पूर्ण मोकळा होता. घरी जाऊन यायला पैसे जातील, म्हणून त्या टीमच्या कॅप्टनच्या किराणा दुकानात पोती उचलू लागलो. उजव्या खांद्यावर एकबी घेतलं नाही. कॅप्टननंच घेऊ दिलं नाही. ‘ह्यो खांदा आपलाय शनिवारपतूर,’ म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. पण झोपताना ते शब्द डोक्यात फिरत राहिले. तिकडं मुकादमही त्याच खांद्याची वाट बघत होता.

शुक्रवारची स्पर्धा धारूरच्या डोंगरातल्या एका गावाची. मैदान बघितलं अन् बोलता येईना. मैदान म्हणजे गावचा पाझर तलाव होता. तळ कोरडा पडला होता, गाळाला भेगा पडल्या होत्या. पोरांनी मधला पट्टा कुदळीनं सपाट करून त्यावर रोलर फिरवला होता. एरवी पट्टीवर टँकरनं पाणी मारतात. त्या वर्षी गावातल्या बायकांनी ठणकावून सांगितलं होतं की, एक घागर जरी खेळावर ओतली तर बघा.

आणि त्या कोरड्या पट्टीवर माझा बॉल असा चालला की तसा पुन्हा कधी चालला नाही. गाळाची माती, बॉल उसळायचाच नाही. पायात टाकला की घोट्याखालून जायचा. हळू टाकला की पट्टीत चिकटायचा. दोन मॅचमधे सात विकेटी. बॅट्समन बॅट आपटत जायचे.

लाँगऑनच्या मागं, तलावाच्या सगळ्यात खोल जागेला, एक झिरा खणला होता. माणूसभर खोल खड्डा. त्यात पाझरून जेवढं पाणी येईल तेवढं वाटीनं भरायचं. बायका-पोरी ओळीनं बसलेल्या. एकीची घागर भरायला अर्धा तास. त्यांची गावाकडची वाट नेमकी मैदानातून जायची. डोक्यावर घागर घेऊन कुणी निघालं की पंच हात वर करायचा, खेळ थांबायचा. माईकवाला आपोआप गप्प व्हायचा, डीजे बंद. ती बाई पट्टीच्या बाजूनं, कुणाकडं न बघता, पाणी न सांडता जायची. मग खेळ सुरू.

सेमीफायनलला एक सिक्स सरळ झिऱ्यात गेला. खालून एका म्हाताऱ्या बाईनं बॉल काढला, पदरानं पुसला आणि माझ्याकडं फेकायच्या ऐवजी हातात आणून दिला. ‘लेकरा, तिकडून टाकीत जा की रं,’ म्हणाल्या, ‘पाणी गढूळ होतंय.’ मी म्हटलं, ‘आजी, मारणारा तिकडचाय.’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘मग मारू देऊ नको.’

कुठल्याबी कॅप्टननं मला इतकं नेमकं कधी सांगितलं नव्हतं. राहिलेले चार चेंडू सगळे पायात टाकले.

शनिवारी २६ जानेवारी. सकाळी शाळेत झेंडावंदन झालं, पोरांनी कवायत केली. फायनल अकराची होती. पाहुणे अडीचला आले, त्यांचे सत्कार चारपर्यंत. शेवटचं षटक मी टाकलं तेव्हा सूर्य तलावाच्या भिंतीला टेकला होता. त्यांना नऊ पाहिजे होते. खांदा वर जाताना आतून टक्‌ वाजत होता. जोर लावता येईना, म्हणून सहाच्या सहा बोटं फाकवून हळू टाकले. पाच धावा गेल्या. आम्ही जिंकलो. पोरांनी उचलून घेतलं, गुलाल टाकला. सामनावीर आमचा एक बॅट्समन ठरला. एकेचाळीस काढल्या होत्या त्यानं.

रात्री हिशेब झाला. शुक्रवारचे सहाशे, फायनलचे पाचशे. त्यातून उचल पाचशे वजा. राहिले सहाशे. कॅप्टननं दोनशे दिले. बक्षीस एकवीस हजारांचं जाहीर झालं होतं, पाकिटात निम्मेच निघाले. त्याचाही इलाज नव्हता. ‘बाकीचे चारशे शिवजयंतीला घेऊन जा, तवाबी तूच हाईस आपला बॉलर.’ शिवजयंती एकोणीस फेब्रुवारीला. त्या दिवशी मी कुठं असणार हे मला माहीत होतं. त्याला सांगितलं नाही.

आठवड्याचे हातात आले सोळाशे. हजार आजीकडं दिले, बहिणीच्या गाईडला आणि घरात लागंल तसे. सहाशे खिशात टाकून रविवारी एसटीनं निघालो. सोमवारी दुपारी कोपीवर पोचलो. दादा बाजेवर पडून होते. त्यांनी विचारलं, ‘जिंकलास का?’ म्हटलं, व्हय. ‘पैशे दिले का?’ म्हटलं, थोडे राहिलेत. ते म्हणाले, ‘राहतातच.’

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला फडात उभा राहिलो. ऊस बुडख्याला, जमिनीलगत तोडावा लागतो. वर तोडला की कारखानेवाले ओरडतात. आई म्हणाली, ‘वाक. पायात मार.’ मला हसू आलं. तिला कशाचं ते कळलं नाही. तोडायचं जमलं, मोळीचं जमलं नाही. मोळी खांद्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना तोच टक्‌ आवाज यायचा. डाव्या खांद्यावर मोळी घ्यायला शिकायला पंधरा दिवस गेले. एप्रिलमधे पट्टा पडला, तेव्हा उचलीतले सहा हजार अंगावर राहिले आणि पुढच्या वर्षात गेले.

त्यानंतरही मी पाच वर्षं खेळलो, पण फक्त डोक्यानं. जोर त्या सालीच संपला होता. आता वडवणी रोडला पंक्चरचं दुकान आहे.

६ फेब्रुवारी २०२४ ला बीडच्या सचिन धसनं एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या सेमीफायनलला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९६ काढल्या. २४५ पाहिजे होते आणि ३२ वर चार गेले होते. त्या रात्री दुकानात वीस पोरं एका मोबाईलवर वाकली होती. महिन्याभरानं ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची मोठी लीग झाली. खेळाडूंचा लिलाव, लाखांत बोली. आमच्याकडच्या पोरांना वाटतं, आता आपलाबी नंबर लागंल. लागावा. मी कुणाला नाही म्हणत नाही.

हवा भरायला थांबलेली पोरं कधी विचारतात, ‘मामा, हळू बॉल कसा टाकायचा?’ मी बोटं धरून दाखवतो. लव असलेली बाजू कुठं ठेवायची, मनगट कधी सोडायचं, सगळं सांगतो. मग विचारतो, भाड्यानं चाललास का? व्हय म्हणाला तर दोन गोष्टी आणखी सांगतो. खांदा शेकताना मीठ जाडं घे. आणि फायनलचे पैसे टॉसच्या आधी माग.