सागाची पानं

1987 साली रविवारी सकाळी रामायण लागायचं, तेव्हा आमच्या वाडीत टीव्ही एकच, आमचा. कौलांवर वेळूला बांधलेला अँटेना सिंहगडच्या मनोऱ्याकडं तोंड करून उभा. वारं सुटलं की तो फिरायचा. मग आबा कौलांवर, मी दारात, थोरला टीव्हीपुढं.

"आलं का रं?"

"मुंग्याच हायेत!"

"आता?"

"आलं, आलं! हात काढू नका!"

2021 च्या मे महिन्यात थोरल्याच्या पोरीच्या बारावीसाठी स्लॅबवर इंटरनेटची डिश बसवली. समोर तीन किलोमीटरवर, डोंगराच्या सोंडेवर टॉवर. महिनाभर झकास चाललं. मृगाचा पाऊस पडला आणि नेट गेलं.

डिश बसवणारा पोरगा आला. बांधावरच्या सागांकडं बघून म्हणाला, "मे महिन्यात ही झाडं उघडी होती. आता सुपाएवढी पानं, त्यात ओली. लहर तिथंच मरते."

"फटीतनं टॉवर दिसतोय की," थोरला म्हणाला.

"नुसता दिसून भागत नाही, दादा. लहर दोऱ्यासारखी जात नाही, मधे फुगते. तीन किलोमीटरला मधोमध चहूबाजूंनी सहा मीटर. त्यातलं निम्म्याहून जास्त मोकळं पाहिजे."

"मग पाच झाडं काढू."

आबा काही बोलले नाहीत. ते साग त्यांनी आणि आईनं कावडीनं पाणी घालून जगवलेले. काठी घेऊन ते आवारात फिरू लागले. चार पावलं टाकायचे, थांबायचे, डोळ्यांवर हात धरून टॉवर बघायचे. गोठ्यामागं थांबले. "हितनं बघा."

सागांची रांग तिथं संपत होती. टॉवर बुडापासून शेंड्यापर्यंत मोकळा.

पोरगा म्हणाला, "वायर शंभर मीटरच्या आत बसली पाहिजे." टेप लावला, सत्तर भरली. पाइप रोवला. आबांनी तो दोन्ही हातांनी धरला, पोरानं डिश केसभर-केसभर फिरवली. नात मोबाईल घेऊन दारात.

"आलं का गं?" आबा ओरडले.

"आलं, आबा!"

दोन वर्षांनी वनखात्याची परवानगी काढून आबांनी ते पाचही साग विकले. नातीच्या नर्सिंगच्या फीसाठी. आता स्लॅबवरून टॉवर स्वच्छ दिसतो. डिश मात्र गोठ्यामागंच आहे. हलवायचं कुणी मनावर घेत नाही.