सही एक, विषय सहा

कॅलिफोर्नियात मी ‘इंडिपेंडंट स्टडी’ला शिकवते म्हटलं की महाराष्ट्रात सगळ्यांना बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म आठवतो. पण सतरा नंबरवाल्या मुलाला वर्षभर कोणी वाली नसतो. इथला मुलगा घरी अभ्यास करत असला तरी शाळेच्या पटावर असतो, त्याच्या हजेरीवर शाळेला राज्याचा पैसा मिळतो, आणि त्याच्या अभ्यासाची देखरेख, मूल्यमापन हे सगळं एका पात्रताधारक शिक्षकाच्या नावावर असतं. आमच्या कार्यक्रमातल्या काही मुलांपुरतं ते नाव माझं.

त्या नावाला किंमत यावी म्हणून बरीच कागदपत्रं जमवावी लागली. पुणे विद्यापीठाच्या गुणपत्रिका, इथल्या शिक्षक-पात्रता आयोगाने मान्य केलेल्या संस्थेकडून त्यांची समकक्षता, परीक्षा, बोटांचे ठसे. शेवटी रसायनशास्त्र शिकवायचं क्रेडेन्शियल, म्हणजे परवाना, हातात आलं. ती रामायणं परदेशात शिक्षक झालेला कोणीही सांगेल, म्हणून पुढे जाते.

माझ्याकडे एक दहावीचा मुलगा आहे. सकाळी वडिलांच्या खाण्याच्या गाडीवर हात लावतो, दुपारी अभ्यास. भेटीच्या दिवशी फाइल घेऊन येतो. कोपऱ्यांवर तेलाचे डाग ठरलेले. बीजगणिताची पानं, इतिहासाचा निबंध, स्पॅनिशचा उतारा. तो किती तास बसला हे मी विचारत नाही, विचारून उपयोगही नाही. आणलेलं काम किती दिवसांच्या अभ्यासाइतकं आहे हे मी ठरवायचं, आणि तेवढी त्याची हजेरी. याला इथे ‘टाइम व्हॅल्यू’ म्हणतात. पाच दिवसांचं काम दिलं आणि तीनच दिवसांचं आलं, तर हजेरी तीन दिवसांची. मग आईवडील कितीही गयावया करोत. नमुन्याची काही पानं ठेवून घेते आणि त्यांवर तारीख घालून आद्याक्षरं मारते. त्या आद्याक्षरांचा अर्थ असा, की हे काम मी स्वतः तपासलं, किंवा दुसऱ्या पात्र शिक्षकाने तपासलेलं मी स्वतः पाहिलं.

या ‘किंवा’वरून ऑफिसशी माझं वाजलं.

राज्याच्या शिक्षण संहितेत ४४८६५ क्रमांकाचं कलम आहे. पदवी, पाठ घेतल्याचा अनुभव आणि त्यावर मिळालेलं क्रेडेन्शियल असेल, तर ते कुठल्याही विषयाचं असो, इंडिपेंडंट स्टडीला चालतं. हेतू समजण्यासारखा आहे. एकेका मुलासाठी सहा विषयांचे सहा शिक्षक कुठून आणणार? दूरच्या गावांत तर एकच मिळाला तरी खूप. पण त्याच कलमात एक अट आहे: शिक्षकाची संमती हवी. आणि इंग्रजी अजून शिकत असलेली मुलं असतील तर त्यांना शिकवायची वेगळी परवानगी लागते, ती यातून माफ होत नाही.

राज्यभरच्या शिक्षकांची नेमणूक आणि पात्रता आता दरवर्षी संगणकावर पडताळली जाते. त्या यादीत माझ्या नावापुढे स्पॅनिश आलं आणि विसंगतीची खूण पडली. उपाय सोपा होता. ४४८६५चा आधार दाखवायचा, माझी संमती जोडायची, खूण निघते. ऑफिसातून फॉर्म आला, सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. मी विचारलं, “देखरेखीला संमती देते. पण स्पॅनिशचा निबंध मी तपासणार कशी? मला ती भाषा येत नाही.” उत्तर आलं, “कायद्याला चालतंय ना?”

चालतंय खरं. पण मुलाच्या घरी स्पॅनिश बोलतात. त्याच्या निबंधावर मी लाल शाईने काही लिहिलं असतं तर त्याच्या आजीला हसू आवरलं नसतं. मी संमतीपत्रावर एक ओळ वाढवली: स्पॅनिशचं मूल्यमापन त्या विषयाचा शिक्षक करेल, मी ते पाहीन. जिल्ह्यातल्या एका स्पॅनिश शिक्षिकेला आठवड्यातला थोडा वेळ यासाठी मिळाला. तिला हे आवडलेलं नाही, पानं उशिरा येतात, मला मागे लागावं लागतं. तरी ती ओळ मी काढलेली नाही.

एवढा काटेकोरपणा कशाला, असं सहकारी म्हणतात. त्यांना मी २०१९ची आठवण करून देते. सॅन डिएगो काउंटीत ऑनलाइन चार्टर शाळांच्या (सरकारी पैशावर, पण स्वायत्तपणे चालणाऱ्या) एका जाळ्यात मुलांच्या खेळांच्या संघांतली नावं पटावर चढवून राज्याचा पैसा लाटल्याबद्दल ११ जणांवर आरोप ठेवले गेले. १९ शाळा होत्या. कितीतरी मुलांना आपण त्या शाळेत आहोत हेही ठाऊक नव्हतं. त्याच वर्षीच्या एबी १५०५ कायद्याने चार्टर शाळांच्या शिक्षकांनाही ते शिकवतात त्या कामाचं क्रेडेन्शियल सक्तीचं केलं; आधीपासून नोकरीत असलेल्यांना १ जुलै २०२५पर्यंत मुदत होती. उत्तम चित्रकला शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला त्यापायी पन्नाशीला पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं. तिच्यावर अन्याय झाला असं मला आजही वाटतं. कायदा मात्र बरोबर आहे.

लेखापरीक्षक येतात तेव्हा मुलाला भेटत नाहीत, फाइल उघडतात. दीर्घ मुदतीच्या इंडिपेंडंट स्टडीसाठी लेखी करार लागतो; त्यावर मुलगा, पालक आणि शिक्षक या सर्वांच्या सह्या अभ्यास सुरू व्हायच्या आधीच्या हव्यात. एक सही उशिराची निघाली तर मधल्या दिवसांचा पैसा गेला. नमुन्यावर आद्याक्षरं आहेत का, तेही बघतात. आद्याक्षरं मारणाऱ्याला तो विषय येतो का, हे मात्र माझ्या समोर अजून कुणी विचारलेलं नाही.

ते तुम्ही विचारा. हे खास इथल्या मराठी पालकांना सांगते आहे, कारण डिसेंबरात भावाचं लग्न आलं की महिनाभर भारतात जायला हाच करार मागणारे आपणच असतो. विमानाची तिकिटं काढण्याआधी शाळेत जा. करारावर कोणाची सही आहे आणि गणिताची वही प्रत्यक्ष कोण तपासणार, ही दोन नावं मागा. ती मिळेपर्यंत आपली सही देऊ नका.