खिडकीजवळचा बाक

झेरॉक्सचा अर्धा कागद होता. ‘माझ्या पाल्यास शाळेत पाठविण्यास माझी संमती आहे’ असं वर, आणि खाली सहीच्या रेघेला लागून दोन शब्द : ‘स्वतःच्या जबाबदारीवर’. थोरल्या जाऊबाईंनी तो दोनदा वाचला, चार घड्या घातल्या आणि फळीवरच्या मिठाच्या बरणीखाली सरकवून दिला.

“सगळी जबाबदारी आपलीच, मग शाळेची कुठली?” एवढंच त्या म्हणाल्या आणि पीठ मळायला बसल्या.

जानेवारी २०२१ चा तिसरा आठवडा होता. कोरोनामुळे बंद असलेले नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायला राज्य सरकारनं २३ नोव्हेंबर २०२० पासून परवानगी दिली होती; आता २७ जानेवारीपासून पाचवी ते आठवीची पाळी होती. ताईंची, म्हणजे जाऊबाईंची, लेक सहावीत. माझा मुलगा पहिलीत, म्हणजे त्याच्या जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी शाळा व्यवस्थापन समितीवर होते. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात, असं शिक्षणहक्क कायदाच सांगतो. त्या नात्यानं संमतीपत्रं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं होतं. वाडीवस्तीतून तीसेक कागद जमा झाले, आणि घरातलाच एक बरणीखाली अडकला.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गानं जाणाऱ्यांना आमचं उर्से म्हणजे टोलनाका, तेवढंच ठाऊक असतं. नाक्याच्या आजूबाजूला कंपन्या आहेत, केबलच्या, गाड्यांच्या सुट्या भागांच्या, आणि घरटी कुणी ना कुणी पाळीवर जातं. टाळेबंदी सैल झाली तशा कंपन्या आधी सुरू झाल्या, शाळा मात्र बंदच. त्यामुळे पालकांच्या बोलण्यात एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी यायची. कुणी म्हणायचं, बाप रोज शेकडो माणसांत जाऊन येतो, मग पोरानं वर्गात बसायला काय हरकत? दुसरं कुणी म्हणायचं, बाप रोज जाऊन येतो म्हणूनच तर भीती. घरातून वर्गात आणि वर्गातून दुसऱ्याच्या म्हातारीपर्यंत जायला कितीसा वेळ लागतो? मला दोघांचंही पटायचं. पटायचं, तरी मी ‘पाठवा’ म्हणणाऱ्यांत होते, कारण मोबाईलवरचा वर्ग मी रोज बघत होते. एक फोन, तो घरात दोन पोरांना, आणि बाप पाळीवर गेला की फोनही कंपनीत.

ताईंची भीती ऐकीव नव्हती. २००९ साली त्या पुण्यात राहत होत्या, चौथ्या महिन्याच्या गरोदर. त्या वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूनं गेली; देशातला तो पहिला मृत्यू. पाठोपाठ शहरातल्या शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. गरोदर बायकांना त्या तापाचा धोका जास्त, हे तेव्हाच सांगितलं जात होतं. ताई महिनाभर खोलीच्या बाहेर पडल्या नाहीत. नाकाला रुमाल बांधून स्वयंपाक करायच्या, असं थोरले दीर सांगतात. त्या वेळी पोटात होती तीच ही लेक. “तेव्हा गेली ती पोर शाळेतलीच होती गं,” ताई मला म्हणाल्या. याला मी काय उत्तर देणार? आकडे सांगितले, मुलांना हा आजार सहसा सौम्य होतो म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “तुझा जाईल तेव्हा बोल.”

शाळा उघडायच्या आधी पालकांची बैठक झाली, मैदानात, अंतर ठेवून मारलेल्या फक्कीच्या गोलांत उभं राहून. मोठ्या गुरुजींनी तयारी वाचून दाखवली. शिक्षकांची आरटीपीसीआर तपासणी झाली आहे. वर्ग औषधानं फवारून घेतले आहेत. एका बाकावर एकच मूल. निम्मी मुलं एका दिवशी, निम्मी दुसऱ्या दिवशी. परिपाठ नाही, खेळ नाही, डबा एकमेकांना द्यायचा नाही. दारात तापमान आणि ऑक्सिजन बघणार. गुरुजी मनापासून सांगत होते, आणि त्यांचा स्वतःचा मागचा उन्हाळा घरोघरी सर्वेक्षण करण्यात गेला होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं.

पालकांनी विचारलं, फवारणी रोज होणार का? सॅनिटायझर कोण देणार? संडासाचं काय? एक आजी म्हणाल्या, “पोरगी आल्या आल्या तिला आंघोळ घालू की आधी खायला देऊ?” हसलं कुणीच नाही. प्रत्येक घरात हेच चाललं होतं. दप्तर अंगणात, चपला बाहेर, भाजी मिठाच्या पाण्यात. हाताला लागेल, डोळ्याला दिसेल तिथं आम्ही आजार शोधत होतो.

मग थोरले दीर बोलले. ते कंपनीत रंगकाम विभागात आहेत. पंधरा वर्षं त्यांनी भागांवर रंगाचे फवारे मारले आहेत. त्यांनी वर्गाकडे बोट केलं. “गुरुजी, ह्या खिडक्या उघडतात का?”

गुरुजी थांबले. रस्त्याची धूळ आणि मावळातला आडवा पाऊस या दोन्हींमुळे पश्चिमेकडच्या खिडक्या कित्येक वर्षं बंदच होत्या. एकीवर तर रंगाचे दोन हात चौकटीसकट बसले होते.

“आमच्याकडं पंखा बंद पडला की काम थांबवत्यात,” दीर म्हणाले. “फवारा डोळ्याला दिसत न्हाई, पण हवेत ऱ्हातो. माणसाच्या तोंडातनं काय निघत असंल ते बी तसंच असणार की. जमीन किती पुसा, हवा हाललीच न्हाई तर उपेग काय?”

पुढे चार महिन्यांनी, २० मे २०२१ रोजी, केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं सोप्या भाषेत एक सूचनापत्रक काढलं. श्वासाबरोबर बाहेर पडणारे सूक्ष्म कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दारंखिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा, असं त्यात सांगितलं होतं. मला ते वाचताना मैदानातला तो गोल आठवला. खूप शिकलेल्या माणसांनी फवारणीला दिलेलं महत्त्व आणि रंगकाम करणाऱ्या माणसानं विचारलेला तो एक प्रश्न यांत पालकांचं खरं म्हणणं नेमकं कुठलं होतं, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. भ्यालेल्या पालकाला आपण समजूत घालायला जातो. तो काय विचारतोय हे आधी ऐकलं, तर निम्मं काम तिथंच होतं.

पुढच्या रविवारी सात-आठ पालक शाळेत जमले. दिरांनी तेलाची बुधली, पटाशी आणि हातोडी आणली. बिजागऱ्यांत तेल सोडून अर्धा तास थांबायचं, मग चौकटीवर लाकडाचा ठोकळा धरून हळूहळू ठोकायचं. रंगानं बसलेली खिडकी सगळ्यात शेवटी घेतली. पटाशीची धार फटीतून फिरवली तशी रंगाची लांब साल निघून आली, खाली हिरवा, त्याखाली निळा, त्याखाली मूळचा तपकिरी. खिडकी सुटली तेव्हा करकरली, आणि भिंतीवरचा तक्ता फडफडून पडला. इतका वारा त्या वर्गात मी कधी पाहिला नव्हता. ताई दाराशी उभ्या होत्या. पदरानं नाक धरून त्यांनी सगळं पाहिलं, मग आत येऊन चारही खिडक्या स्वतः लावून-उघडून बघितल्या.

संध्याकाळी बरणीखालचा कागद निघाला. सही होती. कागदाच्या पाठीवर त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं : ‘मुलीस खिडकीजवळ बसवावे.’ ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ या शब्दांवर त्यांनी बारीक रेघ मारली होती. मी तो तसाच गुरुजींना दिला, आणि गुरुजींनीही तो तसाच फायलीला लावला.

तापमानाच्या बंदुकीचं मात्र सांगायला हवं. जानेवारीत मावळात सकाळी धुकं असतं, पोरं गारठत चालत येतात. कपाळाला यंत्र लावलं की ९३, ९४ फॅरनहाइट. पहिल्या दिवशी बाईंना वाटलं यंत्र बिघडलं. बिघडलं नव्हतं, ते कपाळाची कातडी मोजत होतं, आणि कातडी गार पडलेली. पोरांना दहा मिनिटं उन्हात उभं करून पुन्हा मोजायला लागले, तेव्हा आकडे ताळ्यावर आले. वहीत दोन्ही आकडे लिहिलेले मी पाहिले आहेत. दारातली ती रांग पालकांना धीर द्यायची, हे खरं. पण ताप नसलेलं मूलही आजार आणू शकतं, आणि ते त्या बंदुकीला कळायचं नाही.

शाळा चार आठवडेही चालली नाही. २१ फेब्रुवारीला पुणे जिल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयं पुन्हा बंद करण्याचा निर्णय झाला. मार्च गेला, एप्रिल आला. पहिली ते आठवीची मुलं परीक्षेविना वर गेली. आमच्या घरात तो आजार एप्रिलमध्ये शिरला, आणि सासूबाई नऊ दिवस ऑक्सिजनवर होत्या. शाळा तेव्हा बंद होती, म्हणजे मुलांनी आणला नव्हता. तो आपल्या पाळीतून आला, असं थोरल्या दिरांनी मनाशी धरलं. सासूबाई परत आल्या, तरी ते कितीतरी दिवस ओसरीवर वेगळे जेवायचे. त्यांना कुणी काही म्हणालं नव्हतं. ताई ताट नेऊन ठेवायच्या आणि बाजूला बसून राहायच्या.

४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरी भागात आठवीपासून शाळा उघडल्या. त्यामुळे आमच्या इथं एक अवघड गंमत झाली. उर्से ग्रामपंचायतीत, म्हणून इथली पाचवीतली पोरं वर्गात. आणि तळेगावात नगरपरिषद, म्हणून तिथल्या शाळेत जाणारी इथलीच पाचवी-सहावी-सातवीतली पोरं घरी. एकाच अंगणातल्या दोन भावंडांपैकी एक दप्तर घेऊन निघायचं, दुसरं कठड्यावर बसून बघायचं. ताईंनी त्या वेळी सहीला वेळ लावला नाही. आदल्या दिवशी शाळेत जाऊन खिडक्या बघून आल्या, बस्स.

आणि मग माझी पाळी आली.

डेन्मार्कनं १५ एप्रिल २०२० लाच सगळ्यात लहान मुलांच्या शाळा आधी उघडल्या होत्या. माझं मूल प्रयोगाला देणार नाही, म्हणून तिथल्या हजारो पालकांनीही ओरड केली होती. आपल्याकडे लहानांचा नंबर शेवटचा. पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला सुरू होणार होते, आणि त्याच आठवड्यात ओमायक्रॉन हे कोरोनाच्या नव्या प्रकाराचं नाव टीव्हीवर आलं. पुणे शहरानं लहान मुलांचे वर्ग पुढे ढकलले. गावांत मात्र ठरल्या दिवशी शाळा भरणार होती. कागद माझ्यासमोर होता, पेन होतं, आणि हात चालेना. दहा महिन्यांपूर्वी मी तीस घरांत जाऊन ‘करा सही, काही होत नाही’ म्हणाले होते. आता माझा सात वर्षांचा मुलगा होता, मोठ्यांना दोन-दोन लशी आणि त्याला एकही नाही. त्याचं नाव पहिलीत घातलं जून २०२० मध्ये. पहिलीचा वर्ग त्यानं पाहिलाच नाही, थेट दुसरीत बसणार होता. अक्षरं यायची ती चित्रासारखी. ‘कमळ’ वाचायचा, पण त्यातला ‘म’ वेगळा दाखवला की गप्प. (‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२२ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं २०१८ च्या २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आलेली दिसली. त्या आकड्यात मला माझं पोर दिसतं.)

ताई शेजारी येऊन बसल्या. दहा महिन्यांपूर्वीचं माझं बोलणं त्यांनी काढलं नाही. म्हणाल्या, “खिडक्यांना परवाच तेल सोडून आलेत हे. पावसाळ्यात फुगल्या होत्या.” मी सही केली. कागदाच्या पाठीवर काय लिहायचं ते मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

पहिल्या दिवशी तो साडेदहाला बाकावर बसला, मधल्या सुट्टीची घंटा झाली तशी उठला आणि दप्तर घेऊन फाटकाशी आला. त्याच्या हिशेबी वर्ग संपला होता. त्याचा वर्ग फोन बंद झाला की संपायचा. बाईंनी हाताला धरून आत नेलं, डबा उघडून दिला. शाळेत खिचडी शिजत नव्हती अजून, तांदूळ-डाळ घरी मिळायचे. संध्याकाळी डब्यात अर्धी भाकरी तशीच होती.

“खाल्ली का नाहीस रे?”

“माझ्या मागच्यानं डबा आणला नव्हता,” तो म्हणाला. “मी ठेवली. पण बाई म्हणल्या, द्यायची नाही. मग त्यानं बी नाही खाल्ली, मी बी नाही.”

चुलीपुढे ताई होत्या. त्यांनी ऐकलं, पण काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा भरायला गेले तर भरलेला होता, आणि त्याच्या शेजारी धुतलेल्या वेगळ्या फडक्यात, गाठ मारून, दुसरी भाकरी आणि चटणी.