पाच मिनिटांचं काम

ती. ताई,

‘इंजिनिअर झालेला मुलगा रात्री कॅफेत उभा राहून नेमकं करतो काय,’ हा तुझा प्रश्न रास्त आहे. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो आहे.

तो ओपन माइकवर स्टँडअप कॉमेडी करतो. ओपन माइक म्हणजे बहुधा कॅफेतली एखादी खोली, थोड्या खुर्च्या आणि एक माइक. आधी फॉर्म भरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नाव द्यायचं. यादीत आलं तर चार-पाच मिनिटांचा ‘स्पॉट’ मिळतो. मानधन नाही, काही ठिकाणी उलट आपणच पैसे भरायचे. वेळ संपत आली की मागून मोबाइलचा दिवा दाखवतात. त्यानंतरही जो बोलत राहतो, त्याला पुन्हा बोलावताना आयोजक विचार करतात. समोर बसलेल्यांत बरेचसे आपल्या पाळीची वाट पाहणारे कॉमिकच असतात आणि ते सहजी हसत नाहीत, कारण पुढे काय येणार याचा अंदाज त्यांना आधीच आलेला असतो.

नवख्याला पहिला धक्का तिथेच बसतो. मित्रांच्या कट्ट्यावर हमखास चालणारा किस्सा तिथे पडतो. कट्ट्यावर सगळ्यांना त्या किश्श्यातली माणसं ठाऊक असतात. परक्यांना ती कमीत कमी शब्दांत उभी करून दाखवावी लागतात. हा सेटअप. मग हसवणारं वाक्य, म्हणजे पंच, आणि हशा ओसरायच्या आत जोडलेला आणखी एक छोटा विनोद, म्हणजे टॅग. तुझा मुलगा आपली मंचावरची प्रत्येक पाळी, म्हणजे सेट, रेकॉर्ड करून घरी पुन्हा ऐकतो, तो हशा नेमका कुठल्या शब्दावर आला आणि कुठे उगाच लांबण लागली हे शोधायला. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. हसवणारा शब्द शेवटी आणायचा तर अख्खं वाक्य फिरवावं लागतं, आणि तरी ते घरात बोलल्यासारखं वाटायला हवं. सध्या त्याची सगळी मेहनत यावर चालली आहे. याला मी रियाजच म्हणेन.

थोरांचीही सुरुवात अशीच होते. 1976 साली अमेरिकन कॉमेडियन जेरी साइनफेल्ड न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा माइकसमोर उभा राहिला तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरला. समुद्रकिनारा, गाडी चालवणं, आईवडील, अशी विषयांची नुसती नावं घेऊन तो खाली उतरला. पुढे त्याच्या नावाची मालिका जगभर गाजली आणि त्यानंतर त्याने जुना सगळा मजकूर टाकून दिला. छोट्या क्लबांत जाऊन तो पुन्हा मिनिटा-मिनिटाने नवा मजकूर कसा जमवतो, हे 2002 च्या ‘कॉमेडियन’ या माहितीपटात दिसतं. तिथल्याच स्टीव्ह मार्टिनने आपल्या स्टँडअपच्या अठरा वर्षांचा हिशेब मांडला आहे: दहा वर्षं शिकण्यात गेली, चार घासूनपुसून घेण्यात आणि उरलेल्या चारांत यश आलं.

आपल्याकडचं पाहायचं तर कॉमेडियन समय रैना प्रिंटिंग इंजिनिअरिंग शिकायला पुण्यात आला, 2017 मध्ये ओपन माइक करू लागला आणि 2019 मध्ये ‘कॉमिकस्तान’ या स्टँडअप स्पर्धेच्या दुसऱ्या पर्वात आकाश गुप्ताबरोबर संयुक्त विजेता ठरला. ही गती अपवादाची आहे. तिने कुणाला मोजू नये. इंदूरचा झाकीर खान 2012 मध्ये कॉमेडी सेंट्रलची स्पर्धा जिंकला, पण त्याचा ‘हक से सिंगल’ हा कार्यक्रम यायला 2017 उजाडलं. ऑगस्ट 2025 मध्ये तो न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत बोलला. मराठीत तर ‘भाडिपा’ या चॅनलने 2016 पासून यूट्यूबवर वाट करून दिली, तेव्हा कुठे तिशीच्या आतली मुलं स्वतःच्या भाषेत उभी राहू लागली.

विनोदावरून गोत्यात येण्याची तुझी भीतीही खोटी नाही. कॉमेडियन मुनव्वर फारुकीला 2021 च्या जानेवारीत इंदुरात अटक झाली आणि तो महिनाभराहून जास्त तुरुंगात राहिला. 2025 च्या मार्चमध्ये कॉमेडियन कुणाल कामराच्या कार्यक्रमावरून मुंबईत खारच्या ‘द हॅबिटॅट’ या कॉमेडीच्या जागेची तोडफोड झाली. कित्येकांनी आपली पहिली पाच मिनिटं तिथेच घडवली होती. नव्या मुलांच्या हक्काच्या जागा मुळात थोड्या, त्यातल्या एकीची अशी गत होते याचं मला फार वाईट वाटतं.

आणि तो तुझ्यावर बोलतो, हे तुला लागलं आहे. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या नाटकात एकट्याने बावन्न पात्रं उभी करायचे, पण ती पात्रं होती. या मुलांना स्वतःच्या नावाने, स्वतःच्या घराबद्दल बोलावं लागतं. तुझ्या हिशेबाच्या वहीवरचा त्याचा एक बिट, म्हणजे सेटमधला तुकडा, चांगला चालत होता. तरी त्याने तो काढून टाकला. ‘लोक आईला हसतात, मला नाही,’ असं म्हणाला. आता त्यात वहीत डोकावून पाहणारा मुलगाच फजित होतो. हशा आधीपेक्षा कमी येतो, पण तो नवाच बिट करतो आहे.

दिवाळीनंतर पुण्याला ये, आपण दोघं जाऊ. मात्र त्याला आधी कळवू नकोस आणि पुढच्या रांगेत बसू नकोस. तू दिसलीस तर तो नेमका तो बिट गाळेल.

तुझा,
धाकटा भाऊ