चित्रांतले बाबासाहेब

अमर चित्र कथा ही मालिका १९६७ साली सुरू झाली. देव, राजे, साधुसंत घरोघर पोहोचले. बाबासाहेबांची पाळी आली १९७९ साली, म्हणजे तब्बल बारा वर्षांनी! मजकूर सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल एस. एस. रेगे यांचा, चित्रे दिलीप कदम यांची. बत्तीस पानांत एवढे मोठे आयुष्य बसवायचे म्हणजे चौकटी भराभर पळणारच. तरी आमच्या गल्लीत एकच प्रत सहा घरांत फिरायची, खाकी कागदाचे कव्हर घातलेली. पुढे पुस्तक पुन्हा पुन्हा छापले गेले. नातीची प्रत गुळगुळीत कागदाची आहे.

दुसरे पुस्तक ‘भीमायन’, २०११ साली दिल्लीच्या ‘नवायन’ने काढलेले. लेखन श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे. चित्रे मात्र दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या मध्यप्रदेशातल्या परधान गोंड पतिपत्नीची. माणसांना चौकटीत कोंडायचे नाही, असे त्यांनी ठरवले. इंग्रजी मजकूर नात वाचते आणि मला मराठीत सांगते. चित्रांना भाषा लागत नाही.

१९०१ सालचा मसूर स्टेशनचा प्रसंग आपल्याला पाठ आहे. वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली मुले, दुप्पट भाडे घेऊनही सोबत न बसणारा गाडीवान, डब्यात जेवण असून पाण्यावाचून उपाशी काढलेली रात्र. या पुस्तकात तहानलेल्या भीमाचे अंगच मासा होते. महाडच्या सभेत भोंग्यांतून पाणी शिंपडते. टोचणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, मायेचे बोलणे पाखराच्या आकाराचे. पहिल्या पुस्तकाने बाबासाहेबांचा चेहरा दाखवला, याने तहान दाखवली. मला हे अधिक भावले.

शेजारी एटापल्लीकडचे गोंड कुटुंब भाड्याने राहते. आपले चंद्रपूर मुळात गोंड राजांचे, आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली तीही याच गावात. त्यांची मुलगी नातीबरोबर पुस्तक पाहायला येते. चित्रे काढणारे गोंड आहेत हे कळल्यावर तिने पुस्तक मांडीवरून खाली ठेवलेच नाही.

मग दोघींना खेळ सुचला. कोण काय बोलले ते वहीत काढायचे आणि नांगी की पाखरू ते ठरवायचे. माझ्या हाकेला संध्याकाळी पाखरू, सकाळी शाळेच्या घाईत नांगी! शेजारच्या मुलीने नळ काढला, भोवती बाया काढल्या आणि एका फुग्यात लिहिले, ‘जंगली’. नांगी पानाच्या कडेपर्यंत गेली होती.

नळ आमच्याच गल्लीतला, बायाही आमच्याच. ती वही मागून घेऊन मी रविवारी विहारात महिला मंडळाच्या बैठकीला नेणार आहे.