त्रिनिदादची भाऊबीज

भाऊबीजेला भावाने बहिणीकडे यावे, हा आपल्याकडचा रिवाज. पण गेल्या वर्षी आमच्या मेहुण्याने कळवले, की त्याची नेमणूक दोन वर्षांसाठी वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर झाली आहे आणि यंदा दिवाळीला रजा मिळायची नाही. मी योग्य तेवढी हळहळ व्यक्त केली आणि पुन्हा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात डोके घातले. पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून आवाज आला, "तो येत नसेल, तर मीच जाते!"

लग्नाला अठरा वर्षे झाली, की नवऱ्याला एवढे व्याकरण समजते, की असल्या वाक्यातला 'मी' एकवचनी नसतो. भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज निघाले, चकल्यांचे डबे बांधले गेले आणि मी, आमची सौभाग्यवती आणि अकरावीतली कन्या असे तिघे दिवाळीच्या सुट्टीत दोन विमाने बदलून पोर्ट ऑफ स्पेनला उतरलो.

त्रिनिदाद हे नाव मी लहानपणापासून वडिलांच्या तोंडून ऐकत आलो होतो. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले, ते पोर्ट ऑफ स्पेनलाच. सुनील गावसकर पहिला कसोटी सामना खेळले तेही तिथेच. माझे त्रिनिदादचे ज्ञान एवढ्यावर संपत होते. मेहुण्याचे फारसे पुढे गेले नव्हते. त्याने आखलेल्या कार्यक्रमात माराकासचा समुद्रकिनारा, दुकाने आणि पुन्हा माराकासचा समुद्रकिनारा होता.

हा कार्यक्रम मोडला त्याच्या घरमालकांनी. चग्वानस गावाजवळ एका दुमजली घरात मेहुणा वरच्या मजल्यावर राहतो. खाली घरमालक, निवृत्त शाळामास्तर, आणि त्यांची चौऱ्याऐंशी वर्षांची आई. अंगणात उंच बांबूंवर लाल-पिवळ्या झेंड्या फडकत होत्या. प्रत्येक पूजेनंतर इथले हिंदू अशी झेंडी उभारतात. मास्तरांनी हस्तांदोलन केले आणि आत वळून हाक मारली, "आजी!"

मी दचकलोच. नऊ-साडेनऊ तास मागे असलेल्या या देशात अस्सल मराठी हाक कुठून आली? मग कळले, की भोजपुरीतही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत 'आर्य'मध्ये. नातवंडांमुळे घरात, गल्लीत, सगळ्यांची ती आजीच झाली होती.

"समुद्र तुमच्या मुंबईलाही आहे," मास्तर इंग्रजीत म्हणाले. इथे सगळेच इंग्रजी बोलतात. "आमचं त्रिनिदाद मी दाखवतो." आणि लगेच त्यांनी मला प्रश्न केला, "प्रोफेसर, तुम्हाला नैहर ठाऊक आहे का? आजीच्या आजीचं गाव. तिच्या गाण्यात ते नाव येतं. मी किती नकाशे पाहिले, पण सापडत नाही."

प्राध्यापकाला 'ठाऊक नाही' हे दोन शब्द उच्चारायला फार कष्ट पडतात. मी तत्काळ म्हणालो, "ते मैहर असणार! मध्य प्रदेशात आहे. अल्लाउद्दीन खाँसाहेब तिथलेच." मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरून ठेवला. माझ्या या विद्वत्तेचे पुढे काय झाले, ते ओघाने येईलच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेला ला ब्रिया येथे डांबराचे सरोवर पाहायला गेलो. पहिल्या दृष्टिक्षेपात घोर निराशा! पावसात भिजलेले, ठिगळे लावलेले एखादे ओसाड मैदान दिसावे, तसे ते दिसते. कन्या म्हणाली, "बाबा, असा रस्ता आपल्या कॉलनीत आहे की!" पण हे डांबर कोणी ओतलेले नाही. ते पृथ्वीच्या पोटातूनच वर येते. सुमारे शंभर एकर पसारा, मध्यभागी खोली पाऊणशे मीटरच्या आसपास. १५९५ साली वॉल्टर रॅले याने आपल्या जहाजांच्या फटी याच डांबराने बुजवल्या, आणि पुढे दूरदूरच्या देशांतले रस्ते याच डांबराने झाले. वाटाड्या पुढे, आम्ही मागे, असे त्या सरोवरावरून चालत गेलो. पायांखाली हत्तीच्या कातडीसारख्या सुरकुत्या, आणि एका जागी उभे राहिले तर टाच हलकेच आत जाते. कन्येची चप्पल गेलीच! पावसाळ्याचे दिवस असल्यामुळे खळग्यांत पाणी साचले होते. त्या गंधकाच्या पाण्यात गावकरी डुंबत होते. त्वचेला ते चांगले, असे सांगतात. सौभाग्यवतीने एक बाटली भरून घेतली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅरोनीची दलदल. सपाट तळाची होडी खारफुटीच्या बोगद्यांतून सरकत होती. फांदीवर वेटोळे घालून झोपलेला साप नावाड्याने दाखवला, तेव्हा होडीतली मराठी बोली एकदम बंद पडली. मग होडी मोकळ्या पाण्यात येऊन थांबली. समोर हिरव्यागार झाडांचे बेट. सूर्य कलला आणि आकाशात एक लाल ठिपका दिसला. मग पाच, मग पन्नास, मग मोजणे सोडून दिले. स्कार्लेट आयबिस हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. तो रात्रीच्या मुक्कामाला इथे येतो. पाहता पाहता हिरवे बेट वैशाखातल्या गुलमोहरासारखे फुलून गेले. नावाडी म्हणाला, की पिल्ले जन्मतात ती करड्या-तपकिरी रंगाची. दलदलीतले खेकडे-कोळंबी खाऊन खाऊन त्यांना हा रंग चढतो. जिथले खावे तिथला रंग घ्यावा, हा नियम पक्ष्यांपुरताच नसावा, असे त्या वेळी मनात आले.

कारण मास्तरांचे घराणे तसेच रंगले होते. १८३८ साली गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून दोनशेहून अधिक माणसे घेऊन इथे पोचले. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे करारावर आली. बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशातली, काही मद्रासकडची. पाच वर्षांचा करार पुरा होई, पण परतीचे भाडे मिळण्यासाठी आणखी वर्षे काढावी लागत. पुष्कळांनी भाड्याऐवजी जमिनीचा तुकडा घेतला आणि ते इथलेच झाले. आज देशाची एक-तृतीयांशाहून अधिक वस्ती भारतीय वंशाची आहे. ज्या उसासाठी हे सारे घडले, त्याची सरकारी साखर कंपनी मात्र २००३ साली बंद झाली.

चौथ्या दिवशी मास्तरांनी वॉटर्लू गावी नेले. किनाऱ्यापासून पाचशे फूट आत, समुद्रात एक पांढरे देऊळ उभे आहे. ते शिवदास साधू नावाच्या एका मजुराने बांधले. लहानपणी आईबापांबरोबर भारतातून आलेला हा माणूस. त्याने १९४७ साली किनाऱ्यावर देऊळ बांधायला घेतले. जमीन निघाली साखर कंपनीची. देऊळ पाडले गेले आणि साधूला चौदा दिवसांची कैद झाली. बाहेर आल्यावर त्याने विचार केला, की जमिनीला मालक असतो, समुद्राला नसतो. मग सायकलवरून दगड, वाळू, सिमेंट वाहायचे, ओहोटीच्या वेळी पिंपे रोवून त्यांत काँक्रीट भरायचे, असा उद्योग त्याने एकट्याने वर्षानुवर्षे चालवला. लोक त्याला वेडा म्हणत. पुढे लाटांनी देऊळ खचवले. भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षे झाली, तेव्हा १९९५ साली सरकारी मदतीने ते नव्याने उभे राहिले आणि भरतीतही जाता येईल अशी वाट झाली. शेजारच्या किनाऱ्यावर स्मशान आहे. एक चिता शांतपणे जळत होती. आम्ही कोणी काही बोललो नाही.

तिथून जवळच कारापिचैमा येथे पंच्याऐंशी फुटी हनुमान आकाशात उभा आहे. आवारात शिरलो तर पाटीवर दत्तात्रेयाचे नाव! गुरुवार नव्हता, पण सौभाग्यवतीने आपण आपल्या गावातच असल्यासारखे हात जोडले.

दिवाळीच्या सकाळी चेस व्हिलेजच्या कुंभारवाड्यातून पणत्या आणल्या. दिवाळी ही १९६६ पासून इथे सार्वजनिक सुट्टी आहे. दिवस मावळल्यावर फेलिसिटी गावी गेलो. डेरेक वॉल्कॉट यांनी १९९२ च्या नोबेल भाषणाची सुरुवात ज्या गावाच्या रामलीलेने केली, ते हेच. लोकांनी बांबू चिरून, वाकवून त्यांच्या कमानी केल्या होत्या. कमानींवर, कुंपणांवर, पायऱ्यांवर खोबरेल तेलाच्या पणत्या. वीज गेली असती तरी गावाला कळले नसते! ओळखीचा-अनोळखी, हिंदू-ख्रिस्ती असा भेद न करता जो येईल त्याच्या हाती जेवण. सोहारीच्या रुंद पानावर फाटक्या सदऱ्यासारखा चुरलेला पराठा, भोपळा, छोले, कैरीची भाजी आणि खीर. दाल, चोखा, तवा, बेलना, लोटा असे सारे शब्द स्वयंपाकघरात जिवंत. पण वाक्य मात्र एकही नाही.

इथे मला माझा जुना सिद्धांत आठवला. वर्गात मी दरवर्षी ठणकावून सांगतो, की भाषा गेली की संस्कृती गेली. यंदा एम.ए. मराठीला माझ्यासमोर सातच विद्यार्थी आहेत, म्हणून जरा जास्तच जोरात सांगतो. आणि इथे भाषा गेलेली माणसे पणत्या लावत होती.

घरी परतलो तर ओटीवर पाहुणे जमलेले. मास्तर प्रत्येकाला सांगत होते, "आमचं गाव सापडलं! प्रोफेसरनी शोधलं. पुढच्या वर्षी मी आजीला घेऊन जाणार." कोणी पेढ्यासारखी मिठाई वाटली. मग आजीने जुनी वही काढली. तिच्या आजीचे मसाला वाटतानाचे गाणे तिने सोळाव्या वर्षी ऐकून ऐकून इंग्रजी अक्षरांत उतरवले होते. अर्थ ठाऊक नव्हता. तिने बारीक आवाजात म्हणायला सुरुवात केली.

मला निम्मे समजत होते. भावाची वाट पाहणे, नदी, आई. आणि मग 'नैहर'. एकदा, दोनदा, प्रत्येक कडव्याच्या शेवटी. माझ्या पोटात गोळा आला. ते गाव नव्हतेच. मराठीचा अध्यापक असून मी ऐकण्याआधीच बोललो होतो.

मी गप्प बसलो. सणाचा दिवस, घरभर आनंद. उद्या सांगू, किंवा पत्राने कळवू, असे पळपुटे विचार मनात आले. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले. "अहो, नैहर म्हणजे आपलं माहेरच ना?" ती हळूच म्हणाली. "मग सांगा की त्यांना."

मी सांगितले. म्हणालो, "मास्तर, माझी चूक झाली. नैहर हे गावाचं नाव नव्हे. लग्न झालेल्या मुलीचं आईचं घर, असा त्याचा अर्थ."

मास्तर बराच वेळ हातातल्या बशीकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांचा नकाशा माझ्या एका वाक्याने मिटला होता. पाहुणे चुळबुळले. आजीने मात्र वहीवर बोट ठेवले आणि ती विचारात पडली. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे ती गावाचं नाव सांगत नव्हती. तिला आईकडे जायचं होतं." आणि मग, "सत्तर वर्षं मी हे गात आले, आणि मला वाटलं ती पत्ता सांगतेय."

सौभाग्यवती उठून तिच्याजवळ जाऊन बसली. त्या दोघींत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरच वर आले. रात्रभर झोप नसावी. म्हणाले, "चुकीच्या नावामागे लागलो होतो, हे कळलं ते बरंच झालं." करारावर आलेल्या माणसांच्या नोंदवह्या पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत जहाजाचे नाव, जिल्हा, ठाणे आणि गाव लिहिलेले असे. आता गाव सोडून आजीच्या आजीचे नाव आणि जहाज यांवरून शोधायचे, असे आम्ही दोघांनी ठरवले. या वेळी मी कोणतेही भाकीत केले नाही.

भाऊबीजेला वरच्या मजल्यावर पाट मांडला. सौभाग्यवतीने भावाला ओवाळले. आजी जिना चढून मुद्दाम पाहायला आली होती. हे त्यांच्याकडे कसे करतात, असे सौभाग्यवतीने विचारले, तर तिने फक्त मान हलवली. तिचा भाऊ गेल्याला वीस वर्षे झाली होती.

निघायच्या दिवशी आम्ही फाटकापाशी उभे होतो. माझा सिद्धांत अजून पुरता मोडलेला नाही. अर्थ न कळता गायलेली ती सत्तर वर्षे काही परत येणार नाहीत. पण वर्गात आता तो मी पूर्वीसारखा ठणकावून सांगू शकणार नाही, हेही खरे. आजीने वही दाखवायला आणली होती. 'नैहर'च्या शेजारी नव्या शाईत तिने इंग्रजीत अर्थ लिहून ठेवला होता. मग सौभाग्यवतीच्या हातात चेस व्हिलेजची एक पणती ठेवून ती वरच्या मजल्याकडे बोट दाखवत इंग्रजीत म्हणाली,

"भाऊ आहे तोवर हे तुझं नैहर. भाऊ गेल्यावरही ये."

पणती फुटू नये म्हणून सौभाग्यवतीने ती सबंध प्रवासभर मांडीवर धरून आणली. यंदा ती आमच्या दारात आहे.