अ‍ॅव्हरेज चाकणमध्येच ठरतं

पिकअपचं अ‍ॅव्हरेज वाढवायचं म्हटलं की बोलणं डिझेलमध्ये ओतायच्या औषधांपासून टायरच्या कंपनीपर्यंत जातं. टायरमधली हवा आणि वेळच्या वेळी सर्व्हिसिंग हवंच; पण हायवेवरच्या खेपेचं अ‍ॅव्हरेज मुख्यतः वेगावर ठरतं, आणि तो वेग माल भरून गाडी कारखान्याच्या किती वाजता गेटबाहेर पडली यावर ठरतो, असं माझं ठाम मत आहे. वेगाचं गणित सरळ आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 60 वरून 80 वर गेलं की तो पावणेदोन पटींच्या वर जातो. चाकांचा विरोध तितका वाढत नाही, त्यामुळे डिझेलही पावणेदोन पट लागत नाही. तरी केबिनपेक्षा उंच रचलेला माल आणि वर फडफडणारी ताडपत्री असेल, तर फरक खिशाला जाणवतो. पीसीआरए ही इंधनबचतीसाठीची सरकारी संस्था 45 ते 55 चा वेग सुचवत आली आहे. मागून ट्रेलर येत असताना हायवेवर इतकं हळू चालणं अवघड. पण डाव्या लेनमध्ये, टॉप गिअरला, साठच्या आसपास एकसारखं चालणं नक्कीच जमतं.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. चाकण ते नाशिक सुमारे 180 किलोमीटर. सलग 80 ने सव्वादोन तास, सलग 60 ने तीन. म्हणजे कागदावर पाऊण तासाचा फरक. प्रत्यक्षात टोल, गावं आणि घाट दोघांनाही सारखेच अडवतात, त्यामुळे तो आणखी कमी होतो. समजा, अ‍ॅव्हरेज 11 वरून 13 वर गेलं, तर एका बाजूला अडीच लिटर वाचतात. रोज खेप करणाऱ्या गाडीला महिन्याअखेरीस ही बचत लहान राहत नाही. दुसरा आक्षेप असा की अनुभवी ड्रायव्हर दुसरीकडे वाचवतो : चंदनापुरी घाटाच्या उतारावर न्यूट्रल करतो, रिकाम्या गाडीचा मागचा फाळका पाडून ठेवतो. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो आणि जीव धोक्यात येतो. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्यावरून सरकून जाते. तो पाडला की ही सोय मोडते.

मग हे ठाऊक असलेला ड्रायव्हरही 80 ने का पळतो? याचं उत्तर चाकणच्या कारखान्याच्या आवारात आहे. फोर्कलिफ्ट मोकळी नाही, ई-वे बिल निघालेलं नाही, गेटपासवर सही राहिली. अशाने दुपारी सुटायची गाडी शिफ्ट सुटण्याच्या वेळेला चाकणमधल्याच तळेगाव चौकात येऊन अडकते. तिथला अर्ध्या क्लचवरचा प्रत्येक मिनिट डिझेल खातं, आणि राजगुरुनगर ओलांडल्यावर हरवलेली वेळ भरून काढायला उजवा पाय खाली जातो. कोणी म्हणेल, माल उतरवून घेणाऱ्या कंपनीची वेळ ठरलेली असते, तिथे सवलत नाही. खरं आहे, म्हणूनच त्या वेळेपासून मागे मोजत, 60 चा वेग धरून, लोडिंगची वेळ ठरवायला हवी. उशीर गोदामात करायचा आणि तो ड्रायव्हरने रस्त्यावर फेडायचा, हा व्यवहार अन्यायाचा आहे आणि महागही. ज्या मालकाला अ‍ॅव्हरेजचा हिशेब हवा, त्याने एकाच पंपावर टाकी फुल करून मोजावं आणि वहीत लिटर-किलोमीटरच्या शेजारी गाडी सुटल्याची वेळही लिहावी. उशिरा सुटलेल्या खेपांचं अ‍ॅव्हरेज खाली दिसलं, तर ड्रायव्हरचा पगार कापण्याआधी लोडिंग सुधारावं.